ऑनलाइन खात्याकडून लोकल खात्याकडे

विंडोजच्या संगणकात शिरण्यासाठी दोन प्रकारची खाती चालतात. लोकल खात्याचे नाव आणि पासवर्ड फक्त त्या एका यंत्रात साठवलेले असतात. मायक्रोसॉफ्ट खाते मात्र एखाद्या ईमेल पत्त्याशी जोडलेले असते आणि त्याची मूळ नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते. संगणक सुरू करताना दिसणारा पडदा दोन्हींत सारखाच असतो, चार आकडी पिनही दोन्हींत चालतो. त्यामुळे वर्षानुवर्षे संगणक वापरणाऱ्यालाही आपले खाते नेमके कोणते, हे पुष्कळदा ठाऊक नसते. ते पाहणे सोपे आहे. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अकाउंट्स’ आणि त्यात ‘युअर इन्फो’ हे पान उघडले की नावाखाली ईमेल पत्ता किंवा ‘लोकल अकाउंट’ हे शब्द दिसतात.

ऑनलाइन खाते म्हणजे रोज आत शिरताना इंटरनेट हवेच, असा एक समज आहे. तो खरा नाही. एकदा यशस्वीपणे लॉगिन झाले की पडताळणीपुरती माहिती संगणक स्वतःकडे ठेवतो आणि पुढे इंटरनेट नसतानाही दार उघडतो. फरक पडतो तो पासवर्ड बदलल्यावर. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड बदलला, पण घरातला संगणक तेव्हापासून इंटरनेटला जोडलाच गेला नाही, तर त्याच्या लेखी जुनाच पासवर्ड खरा असतो. अशा वेळी ‘पासवर्ड बरोबर असूनही चालत नाही’ अशी तक्रार ऐकू येते, आणि तिचे उत्तर बहुधा एवढेच असते.

लोकल खाते हा मूळचा आणि जुना प्रकार. 1993 मध्ये आलेल्या विंडोज एनटीपासून अशा खात्यांची नोंद ‘सॅम’ नावाच्या एका फाइलमध्ये ठेवली जाते. तिच्यात पासवर्ड जसाच्या तसा लिहिलेला नसतो. पासवर्डवर गणिती प्रक्रिया करून निघालेला एक ठसा तिथे असतो आणि लॉगिनच्या वेळी तोच ताडून पाहिला जातो. 2001 च्या विंडोज एक्सपीने हीच व्यवस्था घराघरांत नेली. दुसरीकडे मायक्रोसॉफ्टने 1999 मध्ये ‘पासपोर्ट’ नावाने ऑनलाइन ओळख सुरू केली होती. ती पुढे ‘विंडोज लाइव्ह आयडी’ झाली आणि 2012 मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट अकाउंट’. त्याच वर्षी आलेल्या विंडोज 8 मध्ये ही ऑनलाइन ओळख प्रथमच संगणकाच्या दाराशी आली.

सुरुवातीला हा पर्याय होता. 2021 मध्ये विंडोज 11 आले, तेव्हा त्याच्या ‘होम’ आवृत्तीत पहिल्या जुळणीच्या वेळी इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खाते दोन्ही आवश्यक ठरले. 2022 पासून ‘प्रो’ आवृत्तीच्या घरगुती वापरालाही तोच नियम लागू झाला. त्यातून सुटण्याच्या काही आडवाटा जाणकारांना माहीत होत्या, पण 2025 मधल्या चाचणी आवृत्त्यांत कंपनीने त्याही एकेक करून बंद करायला घेतल्या. सामान्य ग्राहकाने आडवाटांच्या मागे लागू नये. आधी ऑनलाइन खात्याने जुळणी पूर्ण करावी आणि मग सेटिंग्जमधून लोकल खात्याकडे वळावे, हा सरळ मार्ग आहे. इतर प्रणालींत ही वेळ येत नाही. ॲपलच्या मॅकमध्ये संगणकाचे खाते मुळात लोकलच असते आणि ॲपलचे ऑनलाइन खाते त्याला वेगळे जोडले जाते. लिनक्समध्येही खाते यंत्रातलेच. याच्या उलट टोकाला क्रोमबुक आहे, त्याचा सगळा डोलारा गूगल खात्यावर उभा असतो.

बदल करावासा वाटण्याची कारणे वेगवेगळी असतात. एका संगणकावर घरातले तिघे-चौघे काम करत असतील, तर एकाची मेल, एकाचे फोटो आणि एकाचे खाते सर्वांच्या समोर राहते. काहींना संगणकाच्या लॉगिनचा आणि कंपनीच्या सर्व्हरचा संबंधच नको असतो, आणि ही इच्छा पूर्णपणे रास्त आहे. काही वेळा खाते ज्या मोबाइल क्रमांकावर काढले तो क्रमांक बंद झालेला असतो आणि पडताळणीचा ओटीपी येणारच नसतो. सर्वांत काळजीचा प्रकार मात्र वेगळाच आहे. नवा लॅपटॉप ‘चालू करून देणारा’ माणूस घाईत स्वतःच्या खात्याने किंवा तिथल्या तिथे काढलेल्या एखाद्या खात्याने जुळणी करतो, ग्राहकाला पिन सांगतो आणि मोकळा होतो. पिन रोज चालतो, त्यामुळे काहीच अडत नाही. पण त्या संगणकाचे ऑनलाइन मालकपण दुसऱ्याच्या नावावर असते, आणि त्याचा चटका कधी बसतो ते पुढे येईलच.

बदलाने काय साधत नाही, हेही आधी कळायला हवे. विंडोज मायक्रोसॉफ्टकडे जी तांत्रिक माहिती पाठवते, ती लोकल खात्यातही जातच राहते. तिचे प्रमाण ‘प्रायव्हसी’ विभागातल्या ‘डायग्नॉस्टिक्स’च्या पानावर कमी करता येते, पण ती सोय दोन्ही खात्यांना सारखीच आहे. जाहिरातींसाठीचा ओळखक्रमांकही तिथेच वेगळा बंद करावा लागतो.

आता आत काय घडते ते पाहू. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला सुरक्षा-ओळखक्रमांक दिलेला असतो, त्याला एसआयडी म्हणतात. कोणती फाइल कोणाची, कोणाला कुठे लिहिता येते, हे सारे या क्रमांकावर ठरते. ऑनलाइन खाते लोकल करताना हा क्रमांक बदलत नाही, बदलते ती फक्त ओळख पटवण्याची पद्धत. म्हणून डेस्कटॉपवरचे चित्र, बसवलेले प्रोग्रॅम, डाउनलोड केलेल्या फाइल, टॅलीचा डेटा, मराठी कीबोर्डची जुळणी असे सगळे जागच्या जागी राहते. ‘खाते बदलले की सगळे पुसले जाईल’ ही भीती अनाठायी आहे.

फोल्डरचे नावही तेच राहते, आणि इथे अनेकांची निराशा होते. मायक्रोसॉफ्ट खात्याने जुळणी केली की विंडोज सी ड्राइव्हमध्ये त्या माणसाचे फोल्डर ईमेल पत्त्याच्या पहिल्या पाच अक्षरांवरून बनवते. पत्ता ‘प्रशांत’ने सुरू होत असेल, तर रोमन लिपीतल्या पाच अक्षरांत फोल्डरचे नाव ‘प्रश’वरच तुटते. लोकल खात्याकडे वळताना नवे नाव दिले तरी ते फक्त पडद्यावर दिसते, फोल्डर तसेच राहते. त्याचे नाव बदलायला रजिस्ट्रीत हात घालावा लागतो आणि चूक झाली तर खाते उघडेनासे होते. नाव फारच खटकत असेल, तर नवे लोकल खाते काढून फाइल तिकडे हलवणे अधिक शहाणपणाचे. नव्या खात्याचे नाव आधी रोमन लिपीत द्यावे आणि पडद्यावरचे नाव नंतर देवनागरीत बदलावे. देवनागरी नावाचे फोल्डर विंडोजला चालते, पण काही जुने प्रोग्रॅम अशा मार्गावर अडखळतात.

बदलाची कृती पाच मिनिटांची आहे. तयारीला मात्र निवांत अर्धा तास द्यावा. त्यातली पहिली गोष्ट म्हणजे डिस्कच्या कुलपाची किल्ली.

आजकालच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये डिस्कवरची माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असते. प्रो आवृत्तीत या सोयीला बिटलॉकर म्हणतात, होम आवृत्तीत तिचे साधे रूप ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने असते. 2024 मध्ये आलेल्या 24एच2 आवृत्तीपासून, विंडोज 11 नव्याने बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने जुळणी केली की बहुतेक संगणकांवर ते आपोआप सुरू होते. वापरणाऱ्याला रोज त्याचा पत्ताही लागत नाही, कारण मदरबोर्डवरची टीपीएम ही चिप सुरुवातीलाच कुलूप गुपचूप उघडते. पण बायोसचे अपडेट झाले, मदरबोर्ड बदलला किंवा सिक्युअर बूटची जुळणी हलली, की चिप अडून बसते. मग निळ्या पडद्यावर 48 आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर आतले फोटो, हिशेब, प्रबंध परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही. दुरुस्तीच्या दुकानात नेऊनही उपयोग नसतो.

हे 48 आकडे सहा-सहांच्या आठ गटांत असतात, आणि प्रत्येक गटातली संख्या 11 ने नि:शेष भागली जाते. त्यामुळे टंकताना एखादा आकडा चुकला तर तो कोणत्या गटात चुकला ते लगेच कळते. ही किल्ली आपोआप पोचते ती जुळणीच्या वेळी वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात. दुकानदाराच्या खात्याने जुळणी केलेल्या लॅपटॉपची किल्ली त्यामुळे दुकानदाराकडे असते, आणि विसरलेल्या खात्याची किल्ली कोणाकडेच नसल्यासारखी. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तेव्हा अनेक कार्यालयांत संगणक पूर्ववत करण्याचे काम याच किल्ल्या शोधण्यापाशी अडले होते.

लोकल खात्याकडे वळल्याने डिस्कचे कुलूप निघत नाही. ते तसेच राहते, आणि कंपनीकडे गेलेली किल्लीही त्या ऑनलाइन खात्यात राहते. म्हणून खाते हातात असताना त्याच्या संकेतस्थळावरून किल्ली पाहून घ्यावी, कागदावर उतरवावी आणि घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी. सोबत किल्लीच्या ओळखक्रमांकाची पहिली आठ अक्षरेही लिहावीत. निळ्या पडद्यावर तीच दिसतात आणि घरात दोन लॅपटॉप असले तर कोणती किल्ली कोणाची ते कळते. त्याच लॅपटॉपमधल्या फाइलमध्ये किल्ली जपून ठेवण्यात काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवणीची जागा. मायक्रोसॉफ्ट खात्याने जुळणी करताना एखाद्या पडद्यावर ‘नेक्स्ट’ दाबले गेले, की ‘डेस्कटॉप’, ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ ही तिन्ही फोल्डर वनड्राइव्हमध्ये हलवली गेलेली असतात. फुकट मिळणारी जागा 5 जीबी. लग्नाचे फोटो चढले की ती भरते आणि जागा संपल्याच्या सूचना सुरू होतात. अनेक जण लोकल खात्याचा शोध घेतात तो याच सूचनांना कंटाळून.

इथे फाइलशेजारची खूण बारकाईने पाहावी. निळ्या ढगाची खूण असेल, तर त्या फाइलचे फक्त नाव संगणकावर आहे, मजकूर सर्व्हरवर आहे. पांढऱ्यावर हिरवी बरोबरची खूण म्हणजे फाइल सध्या संगणकावरही आहे. हिरव्या भरीव वर्तुळातली पांढरी खूण म्हणजे ती कायम इथेच राहील. खाते बदलण्याआधी वनड्राइव्हच्या फोल्डरवर उजवे बटण दाबून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडावे आणि सगळे ढग जाईपर्यंत थांबावे. मोठा साठा असेल तर याला रात्रभरही लागते. त्यानंतर वनड्राइव्हच्या सेटिंग्जमधून फोल्डरांचा बॅकअप थांबवावा. तो थांबवला की काही वेळा डेस्कटॉप अचानक रिकामा दिसतो आणि तिथे ‘व्हेअर आर माय फाइल्स’ नावाची एकच खूण उरते. फाइल गेलेल्या नसतात, त्या वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या ‘डेस्कटॉप’मध्ये असतात आणि तिथून उचलून आणाव्या लागतात. हे माहीत नसल्यामुळे घाबरून नको ती बटणे दाबली जातात आणि खरे नुकसान तेव्हा होते.

तिसरी तयारी छोटी आहे. सध्याच्या खात्याचा पासवर्ड किंवा पिन माहीत असावा, कारण बदलताना तो विचारला जातो. उघडी कामे जतन करून ठेवावीत, शेवटी संगणक साइन आउट होतो.

मग प्रत्यक्ष कृती. ‘सेटिंग्ज’, ‘अकाउंट्स’, ‘युअर इन्फो’ या वाटेने गेल्यावर ‘अकाउंट सेटिंग्ज’खाली ‘साइन इन विथ अ लोकल अकाउंट इन्स्टेड’ ही ओळ दिसते. ती दाबली की खरेच बदलायचे का असे विचारले जाते. डिस्क कुलूपबंद असेल तर किल्लीची प्रत घेण्याची आठवणही बहुधा इथेच होते. ओळख पटली की नवे नाव, नवा पासवर्ड, तोच पुन्हा आणि पासवर्डची आठवण करून देणारा एक संकेत भरायचा असतो. हा संकेत लॉगिनच्या पडद्यावर कोणालाही दिसू शकतो, म्हणून त्यात पासवर्ड उघड होईल असे काही लिहू नये. शेवटी ‘साइन आउट अँड फिनिश’. पुन्हा नव्या पासवर्डने आत शिरले की तोच डेस्कटॉप समोर येतो.

पासवर्ड देवनागरीत ठेवण्याचा मोह मराठी माणसाला होऊ शकतो. विंडोजचा मूळ मराठी कीबोर्ड लॉगिनच्या पडद्यावर निवडता येतो, पण वेगळे बसवलेले उच्चारानुसारी टंकनाचे प्रोग्रॅम तिथे चालत नाहीत. रोमन अक्षरे आणि आकडे हाच खात्रीचा मार्ग. पासवर्डची जागा रिकामी ठेवूनही पुढे जाता येते. ते करू नये. कोणीही सरळ आत शिरते, पिन लावता येत नाही आणि घरातल्या दुसऱ्या संगणकावरून या संगणकातले फोल्डर उघडायला गेले तर विंडोज नकार देते.

दुसऱ्याच्या खात्याने जुळणी झालेल्या संगणकात पासवर्ड मिळत नसल्यामुळे हा बदल अडत असेल, पण पिनने आत शिरता येत असेल, तर दुसरा रस्ता आहे. ‘अकाउंट्स’मधल्या ‘अदर यूजर्स’मध्ये नवे खाते जोडताना ‘आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन’ आणि मग ‘ॲड अ यूजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ निवडावे. नव्या खात्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार द्यावेत आणि फाइल तिकडे न्याव्यात. जुने खाते काढण्याआधी मात्र रिकव्हरी की हातात आलीच पाहिजे.

बदलानंतर थोड्या सोयी कमी होतात. थीम, वाय-फायचे पासवर्ड, भाषेची निवड या गोष्टी दुसऱ्या संगणकावर आपोआप जात नाहीत. हरवलेला लॅपटॉप नकाशावर दाखवणारी ‘फाइंड माय डिव्हाइस’ ही सोय बंद होते. मुलांच्या वापरावर मर्यादा घालणारी मायक्रोसॉफ्टची व्यवस्थाही लोकल खात्यावर चालत नाही. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि त्यानंतरच्या वाढीव सुरक्षा-अपडेटसाठी घरगुती ग्राहकाला मायक्रोसॉफ्ट खात्यानेच नोंदणी करावी लागते.

ऑफिस, वनड्राइव्ह, स्टोअर ही ॲप्स मात्र स्वतंत्र लॉगिनने चालतात. फक्त एका पडद्यावर सावध राहावे लागते. एखाद्या ॲपमध्ये ईमेल टाकला की विंडोज विचारते, हे खाते संपूर्ण संगणकावर वापरायचे का? तिथे घाईत ‘नेक्स्ट’ दाबले की संगणकाचे लॉगिन पुन्हा ऑनलाइन होते. शेजारी बारीक अक्षरांत ‘मायक्रोसॉफ्ट ॲप्स ओन्ली’ असते, ते निवडावे.

लोकल खात्याचा पासवर्ड विसरला तर कंपनी मदत करू शकत नाही, कारण तो तिच्याकडे नाहीच. म्हणून आत असतानाच ‘साइन-इन ऑप्शन्स’च्या पानावरून तीन सुरक्षा-प्रश्नांची उत्तरे भरून ठेवावीत. पेन ड्राइव्हवर पासवर्ड बदलण्याची फाइल करून ठेवण्याची जुनी सोयही लोकल खात्याला आहे. दुसऱ्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून पासवर्ड नव्याने लावता येतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड आणि विंडोजच्या मदतीने वैयक्तिक कुलूप लावलेल्या फाइल मूळ पासवर्डशी बांधलेल्या असतात, त्या अशा बदलानंतर उघडत नाहीत.

लोकल पासवर्ड फक्त विंडोजचे दार राखतो, हेही ध्यानात असावे. डिस्क सांकेतिक रूपात नसेल, तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की सगळ्या फाइल वाचता येतात. ऑनलाइन खाते नको म्हणून डिस्कचे कुलूपही काढून टाकणे, हा सल्ला लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्याने ऐकू नये.

कार्यालयाने किंवा विद्यापीठाने दिलेल्या संगणकाला यातले काही लागू होत नाही. तिथले खाते संस्थेच्या व्यवस्थेत असते आणि ते परस्पर बदलण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडे नसतो. घरच्या संगणकावर मात्र मन बदलले तर त्याच ‘युअर इन्फो’च्या पानावरून परत ऑनलाइन खात्याकडे जाता येते, आणि तेव्हाही फाइल जागच्या हलत नाहीत.

लोकल खाते झाले म्हणजे मायक्रोसॉफ्टचे खाते बंद झाले, असे होत नाही. त्यातली मेल, वनड्राइव्हमधल्या फाइल, रिकव्हरी की आणि जोडलेल्या उपकरणांची यादी तशीच राहते. यादीतून जुना संगणक संकेतस्थळावर जाऊन काढता येतो. खातेच नको असेल तर ते बंद करण्याची विनंती वेगळी करावी लागते. तेव्हा 30 किंवा 60 दिवसांची मुदत निवडायची असते, आणि त्या मुदतीत पुन्हा साइन इन केले तर विनंती रद्द होऊन खाते पूर्ववत चालू होते.